छोटं कासव हवंय? मग वाढ पूर्ण झालेलं आणा

अॅक्वेरियमच्या दुकानात शिरलं की काउंटरवर प्लास्टिकचं एक पसरट भांडं हमखास दिसतं. तळाला रंगीत खडे, मधोमध प्लास्टिकचं नारळाचं झाड, बोटभर पाणी आणि त्यात एकमेकांच्या पाठीवर चढणारी हिरवीगार पिल्लं. डोळ्यामागे लाल पट्टा, लांबी जेमतेम तीन-चार सेंटिमीटर. मुलं तिथून हलायला तयार नसतात. दुकानदार सांगतो, ‘‘काही करावं लागत नाही हो. एवढंच राहतं. चिमूटभर दाणे टाकायचे आणि आठवड्यातून एकदा पाणी बदलायचं.’’

यातलं एकही वाक्य खरं नाही. ते पिल्लू मादी निघालं तर पाच-सात वर्षांत तिची पाठ २५ सेंटिमीटरच्या पुढे जाते, म्हणजे घरातलं जेवणाचं ताट भरेल एवढी. नीट सांभाळलं तर हा प्राणी २० ते ३० वर्षं जगतो, काही त्याहूनही जास्त. आज चौथीत असलेल्या मुलीसाठी आणलेलं कासव तिच्या लग्नानंतरही तुमच्याच घरी असणार आहे. हे ऐकूनही ज्यांना कासव पाळायचं आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. त्यांना माझा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा सल्ला असा की, पिल्लू आणू नका. वाढ पूर्ण झालेला नर आणा, आणि तोही कुणाला तरी नकोसा झालेला. खऱ्या अर्थानं छोटं राहणारं कासव तेवढंच.

पण आधी कायद्याचं बघू, कारण इथे चूक झाली तर ती कासवालाही महागात पडते आणि तुम्हालाही.

कुठलं कासव पाळता येतं?

आपल्या नदी-नाल्यांत, विहिरींत आणि शेततळ्यांत दिसणारं एकही देशी कासव घरात पाळता येत नाही. मऊ पाठीचं कासव असो, काळं कासव असो किंवा पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं जमिनीवरचं कासव असो, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली या सगळ्यांना संरक्षण आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर चांदणी कासवाला पहिल्या अनुसूचीचं, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण मिळालं. या अनुसूचीतला प्राणी बाळगल्याचं सिद्ध झालं तर किमान तीन आणि कमाल सात वर्षांचा तुरुंगवास होऊ शकतो. ‘पावसात रस्त्यावर सापडलं म्हणून उचललं’ हे उत्तर तिथे चालत नाही. पावसाळ्यात रस्ता ओलांडणारं कासव दिसलं तर ते ज्या दिशेला निघालं होतं त्याच बाजूला उतरवून ठेवा. जखमी असेल तर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.

कासव घरात असलं की लक्ष्मी नांदते, म्हणून कुणी मुद्दाम देशी कासव मिळवून देत असेल तर त्याला सरळ नाही म्हणा. देवळाच्या सभामंडपात कोरलेलं कासव ही आपल्याकडची फार सुंदर गोष्ट आहे. त्या श्रद्धेपायी जिवंत कासव ओढ्यातून उचलून स्टीलच्या पातेल्यात ठेवणं मात्र त्या कासवाच्या जिवावरच उठतं.

मग उरतं काय? दुकानात दिसणारं ते लाल पट्ट्याचं कासव: रेड-इअर्ड स्लायडर. हे मूळचं अमेरिकेतलं, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं आणि मेक्सिकोच्या आखातालगतच्या प्रदेशातलं. ते बाळगायला सध्या बंदी नाही, पण म्हणून दुकानातला सगळा व्यवहार सरळ असतो असं समजू नका. २०२३ मध्ये तिरुचिरापल्लीच्या विमानतळावर प्रवाशांच्या सामानातून या जातीची हजारो पिल्लं पकडली गेली. डब्यांत आणि पिशव्यांत कोंबून आणलेल्या अशा पिल्लांपैकी जी जगतात तीच पुढे काउंटरवरच्या भांड्यात येतात. पाळीव प्राण्यांच्या दुकानांना २०१८ च्या नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. ते प्रमाणपत्र भिंतीवर दिसत नसेल तर मागा. कस्तुरी कासव किंवा अशीच दुसरी एखादी परदेशी जात कुणी देऊ केली तर तिची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद आहे का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या जातींसाठी ती नोंद बंधनकारक आहे.

नरच का, आणि तो ओळखायचा कसा?

स्लायडरचा नर साधारण १५ ते २० सेंटिमीटरवर थांबतो. मादी २५ ते ३० पर्यंत जाते. लांबीतला हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण वजनात, घाणीत आणि टाकीच्या आकारात तो दुप्पट होऊन समोर येतो. शिवाय मादी नराशिवायही अंडी धरते. तिला अंडी घालायला ओलसर वाळू-मातीची जागा मिळाली नाही तर ती अंडी आत अडकतात आणि मादी दगावते. सदनिकेत राहणाऱ्यानं हे आधीच ओळखावं.

पिल्लू नर आहे की मादी हे बघून सांगता येत नाही. ते ठरतं अंडी उबताना मिळालेल्या तापमानावर आणि दिसायला लागतं कवच दहा सेंटिमीटरच्या आसपास गेल्यावर. दुकानदार ‘नर देतो’ म्हणाला तर तो अंदाजानं बोलतो आहे. मोठ्या कासवात मात्र फरक अगदी स्पष्ट असतो. नराच्या पुढच्या पायांची नखं लांबलचक असतात, मादीची आखूड आणि बोथट. नराची शेपटी लांब, बुडाशी जाड असते आणि तिच्यावरचं छिद्र कवचाच्या कडेबाहेर येतं. एकदा ती लांब नखं कशासाठी असतात हे पाहायला मिळालं तर विसरता येत नाही. नर पाण्यात मादीसमोर येतो, पुढचे दोन्ही पाय ताणतो आणि तिच्या गालांजवळ नखं इतक्या वेगानं थरथरवतो की ती धूसर दिसायला लागतात. एकटा ठेवलेला नरही कधी कधी टाकीच्या काचेसमोर हाच खेळ करतो. वय वाढलेल्या नराचा हिरवा रंग काळपटतो आणि लाल पट्टा फिका पडतो. हा आजार समजून लोक घाबरतात, पण ते वयाचंच लक्षण असतं.

असा नर मिळतो कुठे? मोठ्या शहरांतल्या प्राणी बचाव संस्थांकडे आणि खासगी आश्रयगृहांकडे सोडून दिलेले स्लायडर ढिगानं येतात. तुमच्याच सोसायटीत, शाळेच्या पालक-गटात विचारून पाहा. ‘मुलगा आता हॉस्टेलला गेला, तुम्ही घ्या ना’ असं म्हणणारं घर बहुतेक वेळा सापडतंच. अशा घरातून कासव घेताना त्याला काय खायला घालत होते, ऊन किंवा दिवा मिळत होता का आणि शेवटचं कधी आजारी पडलं होतं, हे तिन्ही प्रश्न जरूर विचारा. टाकी, फिल्टर देत असतील तर तेही घ्या.

निवडताना कासव हातात धरा. निरोगी कासव शांत राहत नाही. पाय मारतं, नखं रोवतं, सुटायला बघतं. मागचा पाय हलकेच ओढला तर जोरानं आत घेतं. डोळे पूर्ण उघडे आणि स्वच्छ हवेत. पापण्या सुजून डोळे मिटलेले असतील तर बहुधा अ जीवनसत्त्वाची कमतरता असते किंवा पाणी घाण असतं. नाकातून फुगे येणं, तोंड उघडून श्वास घेणं आणि पाण्यात एका अंगावर कलून तरंगणं ही न्यूमोनियाची खूण आहे. कवच अंगठ्यानं दाबून बघा. मोठ्या कासवाचं कवच दगडासारखं कडक हवं. कडा वर वळलेल्या, मध्ये खड्डे, पांढरट मऊ डाग किंवा कुजल्याचा वास असेल तर पशुवैद्यकाला दाखवल्याशिवाय घरी आणू नका. पातळ पापुद्रे सुटत असतील तर मात्र काळजी नको, वाढणाऱ्या कवचाचे ते जुने थर असतात.

आणि एकच आणा. ‘जोडी असली की करमतं’ हा माणसाचा हिशेब आहे. दोन नर एकमेकांचे पाय आणि शेपट्या चावतात. नर-मादी एकत्र असतील तर नर मादीला सतत छळतो. कासव एकटं सुखात राहतं.

घर आधी, कासव नंतर

टाकीचा हिशेब सोपा आहे: कवचाच्या दर इंच लांबीला ४० लिटर पाणी. सहा इंची नराला म्हणजे सुमारे २४० लिटर लागतं. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत साधारण एवढंच पाणी मावतं. पण ती काठोकाठ भरता येत नाही, कासव बाहेर चढेल. म्हणून उंची थोडी जास्त घ्या. इतक्या पाण्याचं वजनच २४० किलो होतं, त्यात काचेचं वजन वेगळं. ती टीव्हीच्या टेबलावर ठेवायची वस्तू नाही. लोखंडी अँगलचा स्टँड करून घ्या, खाली थर्माकोलचा थर द्या आणि टाकी भिंतीलगत ठेवा.

काचेची एवढी मोठी टाकी महाग पडते. त्यावर एक उत्तम पर्याय नळकामाच्या दुकानात मिळतो: बाथरूमच्या माळ्यावर बसवतात ती आयताकृती प्लास्टिकची लॉफ्ट टाकी. तीनशे किंवा पाचशे लिटरची घ्या. प्लंबरकडून वरचा भाग कापून घ्या, पण सगळा कापू नका. चारही बाजूंनी आत वळलेली थोडी कड राहू द्या. त्या कडेमुळे पाणी भरल्यावर बाजू फुगत नाहीत आणि कासवाला वर चढताही येत नाही. कापलेली धार पॉलिश पेपरनं घासून घ्या. तळाच्या नळाला बॉल व्हॉल्व्ह लावला की घाण पाणी सोडणं दोन मिनिटांचं काम होतं. कासव बाजूनं दिसत नाही, वरून बघावं लागतं, एवढीच उणीव. कासवाला मात्र अपारदर्शक भिंती जास्त आवडतात. काचेच्या टाकीत बाहेर पडायला सतत काच खरवडणारी कासवं इथे शांत होतात, हे मी वारंवार पाहिलं आहे.

पाणी किती खोल हवं? कासव उताणं पडलं तर त्याला पुन्हा सुलटं होता यावं यासाठी कवचाच्या रुंदीपेक्षा खोल हवंच. त्याच्या लांबीच्या दुप्पट खोली उत्तम. बोटभर पाण्यात ठेवलेलं कासव पोहतच नाही, आणि पोहायला मिळालं नाही तर त्याचे स्नायू कमकुवत राहतात. लोकांना वाटतं ते बुडेल. निरोगी स्लायडर पाण्याखाली झोपतो आणि मधूनमधून वर येऊन श्वास घेतो. तो बुडतो ते फक्त एखाद्या दगडाखाली किंवा फिल्टरच्या पाइपमागे अडकला तर. म्हणून टाकीत अशी फट कुठेच ठेवू नका.

तळाला बारीक खडे, शिंपले किंवा काचेच्या गोट्या अजिबात नकोत. कासव ते गिळतं आणि आतडं बंद होतं. तळ मोकळा ठेवला तर उत्तम, साफ करायलाही सोपं. दगड हवेच असतील तर कासवाच्या डोक्यापेक्षा मोठे, गुळगुळीत नदीतले गोटे ठेवा.

टाकीच्या एका टोकाला कासवाला पाण्याबाहेर पूर्ण कोरडं होऊन शेकत बसता येईल अशी जागा लागतेच लागते. रोज काही तास कोरडं झालं नाही तर कवचावर बुरशी आणि कुजणं सुरू होतं. बाजारात सक्शन कपवाले तरंगते फलाट मिळतात. ते पिल्लांना चालतात, पण मोठ्या नराचं वजन पडलं की निसटतात. त्यापेक्षा दोन विटांवर किंवा पीव्हीसी पाइपच्या चौकटीवर घट्ट बसवलेली फरशी आणि तिच्यापर्यंत जाणारा खरबरीत उतार बांधून घ्या. उतारावर काथ्याची चटई गुंडाळली तर नखं रुततात. कासव वर चढल्यावर टाकीच्या काठावरून बाहेर जाणार नाही, इतकी भिंत वर राहिलेली हवी.

ऊन आणि दिवा

कासवाच्या आजारपणाचं बरंचसं मूळ इथे असतं, म्हणून इथे जरा थांबू. अन्नातलं कॅल्शियम हाडांत आणि कवचात मुरायला ड३ जीवनसत्त्व लागतं. ते कासवाच्या कातडीत उन्हातल्या यूव्ही-बी किरणांमुळे तयार होतं. ते मिळालं नाही की लहान मुलांना होतो तसा मुडदूसच कासवाला होतो: कवच मऊ पडतं, कडा वळतात, पाय वाकतात आणि मग चालणंच बंद होतं. एका घरी पाहिलेलं कासव दिवसभर खिडकीत, झळझळीत उन्हात असायचं आणि तरीही त्याचं कवच रबरासारखं दबायचं. त्या घरच्यांना कोडं पडलं होतं. खिडकीची काच बंद असायची, आणि काचेतून उजेड-ऊब येते पण यूव्ही-बी जवळपास येतच नाही.

म्हणून शेकण्याच्या जागेवर दोन दिवे लागतात. एक ऊब देणारा, साधा हॅलोजन किंवा जुन्या पद्धतीचा साठ वॅटचा बल्ब, ज्याच्याखाली ३० ते ३५ अंश तापमान राहील. दुसरा सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचा यूव्ही-बी दिवा, पाच किंवा दहा टक्क्यांचा. तो कासवाच्या पाठीपासून साधारण २० ते ३० सेंटिमीटरवर असावा, मध्ये काच किंवा प्लास्टिकचं झाकण नको. दिवे रोज दहा-बारा तास, टायमर लावून. यूव्ही-बी दिवा दिसायला पेटत राहतो पण त्यातले किरण सहा महिने ते वर्षभरात कमी होतात, म्हणून तारीख लिहून ठेवा आणि बदला. एका गोष्टीत अगदी जपून राहा: अॅक्वेरियमवाले पाणी निर्जंतुक करायला ‘यूव्ही लाइट’ विकतात. तो यूव्ही-सी असतो, त्याची नुसती नळी कासवासमोर लावली तर डोळे जातात. खोक्यावर यूव्ही-बी असं स्पष्ट लिहिलेलं असल्याशिवाय घेऊ नका.

आपल्याकडे खरं ऊन फुकट आहे, त्याचा फायदा घ्या. सकाळचं कोवळं ऊन असताना कासवाला टबमध्ये गच्चीत किंवा बाल्कनीत अर्धा तास ठेवा. टबचा अर्धा भाग सावलीत हवा, पाणी हवं आणि वर जाळी हवीच. कावळे, घारी आणि मांजरं यांचा नेम नसतो. काचेची टाकी मात्र कधीही उन्हात ठेवू नका, तासाभरात पाणी कासव भाजेल इतकं तापतं. जून ते सप्टेंबर कोकणात आणि घाटावर सूर्य आठ-आठ दिवस दिसत नाही. त्या महिन्यांत दिव्याला पर्याय नाही.

पाण्याचं तापमान २४ ते २८ अंश असलं की कासव खुशीत असतं. मुंबईत, रत्नागिरीत, पणजीत हीटरची गरज क्वचितच पडते. पुणे, नाशिक आणि विदर्भातल्या थंडीत पाणी रात्री १५ अंशांच्या आसपास उतरतं. कासव खाणं सोडतं, आधी खाल्लेलं पोटात सडतं आणि सर्दीतून न्यूमोनिया होतो. ‘थंडीत ते झोपतंच’ असं समजून दुर्लक्ष करू नका. घरातल्या टाकीत शीतनिद्रा सुरक्षित नसते. दर लिटरला एक वॅट या हिशेबानं थर्मोस्टॅटवाला हीटर लावा आणि त्याला प्लास्टिकची जाळी घाला, कारण कासव काचेचा हीटर ढकलून फोडतं. पाण्याजवळच्या सगळ्या विजेला आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असावा आणि वायरला प्लगच्या खाली एक लोंबता झोल द्यावा, म्हणजे ओघळणारं पाणी प्लगपर्यंत पोचत नाही. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात प्रश्न उलटा होतो. तेव्हा शेकण्याचा दिवा दुपारी बंद ठेवा, टाकी सर्वांत थंड खोलीत हलवा आणि रोज थोडं पाणी बदला.

पाणी

कासव माशांपेक्षा कितीतरी जास्त घाण करतं. पाण्यात खातं, पाण्यातच शी-शू करतं. त्या घाणीतून अमोनिया तयार होतो. तो डोळे आणि कातडी जाळतो. फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि सिरॅमिकच्या तुकड्यांवर जिवाणूंची वसाहत बसते, ती अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बरंचसं निरुपद्रवी नायट्रेट करते. ही वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून टाकी कासव आणण्याआधी महिना-दीड महिना चालू करा. फिल्टर टाकीतल्या पाण्याच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा हवा. २४० लिटरच्या टाकीला ५०० ते ७०० लिटरसाठीचा बाहेरचा कॅनिस्टर फिल्टर घ्या. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा, इथे नाही.

दर आठवड्याला पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदला, सगळं कधीच नाही. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळा, नाहीतर क्लोरीननं जिवाणू मरतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. नवीन पाणी बादलीत २४ तास उघडं ठेवून मग ओता. काढलेलं पाणी कुंडीतल्या जास्वंदीला, मोगऱ्याला उत्तम खत आहे, पण कोथिंबीर, पुदिना अशा कच्च्या खायच्या पाल्याला घालू नका. कासव चांगलं मोठं असेल तर जेवणापुरतं वेगळ्या टबमध्ये ठेवा. पंधरा-वीस मिनिटांत खाणं आटपलं की परत. टाकी निम्म्यानं कमी घाण होते.

खाण्याबद्दल थोडक्यात. कासव पाण्याबाहेर गिळू शकत नाही, अन्न पाण्यातच टाका. वाढ पूर्ण झालेल्या नराला दिवसाआड, त्याच्या डोक्याएवढे भरतील इतकेच कासवाचे चांगले गोळी-दाणे, आणि मधल्या दिवशी हिरवा पाला: कोथिंबीर, शेवग्याचा पाला, लाल भोपळ्याची किंवा गाजराची किसलेली फोड, पाण्यातली शेवाळी वनस्पती. पालक कधीमधी. आठवड्यातून एकदा गांडूळ किंवा उकडलेल्या मासळीचा तुकडा. दुकानात डबीत मिळणारी वाळलेली कोळंबी हे खाऊ आहे, जेवण नव्हे, आणि आपली खारवलेली सुकट तर मुळीच नको. भात, पोळी, पाव, दूध नको. टाकीत समुद्रफेनाचा तुकडा तरंगत ठेवा. आयुर्वेदिक दुकानात मिळतो. कासव तो कुरतडतं, त्यातून कॅल्शियमही मिळतं आणि चोचीची धारही घासली जाते. कवचावर खोबरेल तेल, हळद किंवा रंग लावू नका.

मुलं असलेल्या घरांसाठी

कासवाच्या अंगावर आणि पाण्यात साल्मोनेला जिवाणू असतो. कासव धडधाकट असलं तरी असतो. याच कारणानं अमेरिकेनं १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कवचाची कासवं विकायला बंदी घातली, कारण लहान मुलं ती तोंडात घालत होती. पाच वर्षांखालचं मूल, गर्भवती, वृद्ध किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी घरात असेल तर कासव काही वर्षं पुढे ढकला. बाकीच्यांनी हाताळल्यावर साबणानं हात धुवावेत. टाकी, फिल्टर, टब स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये कधीच धुऊ नये. कासवाचा मुका घेऊ नये. मुलांना त्याला जेवण घालायचं काम द्या, उचलून फिरवायचं नाही. कासवाला उचललेलं आवडत नाही आणि दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून निसटलं तर कवच फुटतं.

आणण्याआधी सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्यक शोधून ठेवा. प्रत्येक जनावरांचा डॉक्टर ते करतोच असं नाही. मुंबईतलं परळ, नागपूर आणि सातारा जिल्ह्यातलं शिरवळ इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत चौकशी केली तर तुमच्या भागातलं नाव मिळू शकतं.

ठेवणं जमलं नाही तर

बदली होते, आजारपण येतं, घर लहान पडतं. तेव्हा कासव तलावात, विहिरीत, देवळाच्या कुंडात किंवा नदीत सोडू नका. ‘मोकळं केलं, पुण्य लागेल’ हा विचार मनापासूनचा असतो, पण परिणाम फार वाईट होतो. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक जातींच्या यादीत स्लायडर ही जात आहे. युरोपीय संघानं १९९७ मध्ये या कासवाची आयात थांबवली. जपाननं २०२३ मध्ये त्याची विक्री आणि त्याला मोकळं सोडणं दोन्हींवर बंदी आणली. आपल्या तळ्यात ते देशी कासवांची शेकायची जागा आणि अन्न बळकावतं, मासे-बेडकांची पिल्लं खातं आणि पाळीव प्राण्यांमधले रोग रानात नेतं.

त्याऐवजी आधी ओळखीत नवं घर शोधा, टाकी-फिल्टरसकट द्या, तरच कुणी घेईल. नाही मिळालं तर प्राणी बचाव संस्थेला फोन करा आणि जागा होईपर्यंत थांबायची तयारी ठेवा, त्यांच्याकडेही टाक्या भरलेल्या असतात. वाटेत न्यायचं झालं तर पाण्याशिवाय, ओल्या टॉवेलवर, भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात न्या. तीन-चार तासांचा प्रवास त्याला सहज झेपतो. डब्यावर त्याचं वय, शेवटचं जेवण आणि दिवा कधी बदलला होता, हे चिठ्ठीवर लिहून चिकटवा. घेणाऱ्याला पहिल्याच दिवशी हे कळलेलं बरं.